आधी ‘काहीच न करणं’ जमू द्या

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘मॉनिटर प्रोग्राममधल्या चुका’ असा छापलाय; मॉनिटर म्हणजे मेमरी बघू-बदलू देणारा छोटा प्रोग्राम. तिथे येतोच. पण घरी जोडलेला ६५०२ प्रोसेसर हूं की चूं करत नसेल, तर पहिला दिवसभर प्रोग्रामकडे बघूच नका, हे आधी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मूळ चिप १९७५ची. आज नवी मिळते ती डब्ल्यूडीसी कंपनीची ६५सी०२. पिनांची मांडणी जवळपास तीच, आणि हे ‘जवळपास’च घात करतं. जुन्या सर्किटमध्ये पिन १ ग्राउंडला जाते. नव्या चिपची पिन १ आउटपुट आहे, ती मोकळी सोडायची. पिन ३६ जुन्या चिपवर रिकामी. नवीवर ती ५ व्होल्टला बांधली नाही, तर प्रोसेसर बस, म्हणजे पत्त्यांच्या आणि डेटाच्या सामाईक तारा, सोडून देऊ शकतो. २, ४ आणि ६ या पिना रेझिस्टर लावून ५ व्होल्टकडे खेचायच्या. जुनं सर्किट डोळे झाकून उतरवायचं आणि मग आठ-आठ दिवस असेम्ब्लीच्या ओळी तपासत बसायचं, किती हौशी मंडळी यात थकून नाद सोडतात! जीव तुटतो हो.

आता प्रयोग. रॉम, रॅम काढून ठेवा. डेटा लाइनींवर १ किलोओहमचे आठ रेझिस्टर लावा. डी७, डी६, डी५, डी३, डी१ पाच व्होल्टला. डी४, डी२, डी० ग्राउंडला. हा झाला हेक्समधला (सोळाच्या पद्धतीतला) ‘ईए’, म्हणजे एनओपी ही सूचना: काहीच करू नकोस. प्रोसेसरने कुठूनही वाचलं तरी हेच मिळणार, म्हणून तो एकेक पत्ता पुढे सरकत राहतो. १ मेगाहर्ट्‌झला एका एनओपीला २ मायक्रोसेकंद, पत्ते ६५,५३६. फेरी झाली १३१ मिलिसेकंदांची. ए१५ या सर्वांत वरच्या पत्त्याच्या तारेवर एलईडी लावा, सेकंदाला साधारण साडेसात वेळा लुकलुकेल. ए१४ त्याच्या दुप्पट वेगाने. दोन्ही एकाच वेगाने लुकलुकले, तर त्या तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात.

मग २८सी२५६ रॉम, ८०००पासून वर (पुढचे पत्ते आणि बाइटही हेक्समध्येच). रॉममध्ये भरायच्या फाइलच्या ७एफएफसी जागी ००, पुढे ८०; सुरू होताना प्रोसेसर पहिला पत्ता इथूनच उचलतो, खालचा बाइट आधी. उलट लिहिलंत, तर प्रोसेसर ००८०ला, थेट रॅममध्ये जाणार. बाहेरचे दिवे वगैरे चालवणारी ६५सी२२ चिप ६०००वर असेल, तर पहिला प्रोग्राम तेराच बाइटांचा: ए९ एफएफ, ८डी ०२ ६०, ए९ ५५, ८डी ०० ६०, ४सी ०५ ८०. तिच्या पोर्ट बीच्या आठ पिनांवर एक आड एक दिवा लागतो. यात सबरूटीन नाही, कारण सबरूटीनला परतीचा पत्ता ठेवायला स्टॅक लागतो आणि स्टॅक रॅममध्ये असतो. रॅमची परीक्षा अजून व्हायचीय.

ती घेताना, ०२००वरून वाचल्यावर ०२ आणि ०३००वरून ०३ आलं, तर रॅम बोलतच नाहीये. बसवर पत्त्याचा वरचा बाइट रेंगाळलाय, तोच वाचला जातोय. आणि लिहिलेलं भलत्याच जागी बदलत असेल, तर राइट सिग्नल क्लॉक वर असतानाच जातोय ना, ते बघा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर मॉनिटर. ॲपल-१ या संगणकाचा वॉझ मॉनिटर २५६ बाइटांचा, १९७६चा. त्याची दुसरीच सूचना सीएलआय, इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारे संकेत, खुले करणारी. इंटरप्टची पिन ४ लटकती राहिली असेल, तर तिथेच इंटरप्ट लागतो, आणि त्याचा व्हेक्टर, म्हणजे उडी मारायचा पत्ता, ०००० आहे. मॉनिटर मेल्यासारखा वाटतो. दोष त्याचा नसतो.

दुसरं, सीरियल जोडणीला डब्ल्यूडीसीची ६५सी५१एन चिप असेल, तर ‘पाठवून झालं’ सांगणारा बिट कायम १ असतो, त्यामुळे अक्षरं एकमेकांवर चढतात. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका अक्षराला १.०४ मिलिसेकंद लागतात. बिटावर विसंबू नका; १ मेगाहर्ट्‌झला ११०० सायकलींचं, नुसता वेळ काढणारं डिले लूप घाला.