कोळसा, गाणी आणि माणसं

मंडळी, २३ जून १९४६ रोजी इटली आणि बेल्जियम यांच्यात एक करार झाला. युद्धात कंबरडं मोडलेल्या इटलीकडे कोळसा नव्हता आणि हाताला काम नसलेले तरुण गावोगाव बसून होते. बेल्जियमकडे कोळसा होता, पण खाणीत उतरायला तिथली माणसं राजी नव्हती. तेव्हा ठरलं, की इटलीने ५०,००० मजूर पाठवायचे आणि बेल्जियमने इटलीला कोळसा विकायचा. जितकी माणसं खाणीत उतरतील त्या प्रमाणात कोळसा. इटलीच्या खेड्यांत गुलाबी भित्तिपत्रकं लागली. त्यांत पगार, सुट्ट्या, सवलती सगळं होतं. खाणीतल्या धोक्याबद्दल काही नव्हतं. तिथे पोचल्यावर अनेकांना राहायला मिळाल्या त्या युद्धकैद्यांच्या जुन्या बराकी. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीत आग लागली. २६२ माणसं गेली, त्यांतली १३६ इटालियन होती.

आजच्या इटलीत लोक गाणी, सिनेमा, स्थलांतर आणि वीज-गॅसबद्दल सहज बोलता बोलता जी मतं देतात, ती समजून घ्यायला मला हा करार सगळ्यात उपयोगी वाटतो. तिथे बार म्हणजे सकाळी उभ्या उभ्या कॉफी घ्यायची जागा. तिथल्या गप्पांत हे चारही विषय येतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ते वेगवेगळे आहेत. माझ्या मते विषय एकच आहे. इटलीत इंधन आणि माणसं एकमेकांच्या हिशेबात ये-जा करत आली. इंधनाचा हिशेब देशाने चोख ठेवला, माणसांचा ठेवला नाही.

गॅसचंच बघा. एन्रिको मात्तेई या माणसाकडे युद्धानंतर एक सरकारी तेल कंपनी बंद करण्याचं काम दिलं होतं. त्याने ती बंद तर केली नाहीच, उलट वाढवली, आणि १९५३ साली एनी ही कंपनी उभी राहिली. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांपेक्षा जास्त वाटा त्याने तेल-उत्पादक देशांना देऊ केला. १९६२ साली विमान कोसळून तो गेला, आणि त्या अपघाताबद्दलचा संशय अजून फिटलेला नाही. अल्जीरियाहून ट्युनिशियामार्गे समुद्राखालून सिसिलीला येणाऱ्या गॅसवाहिनीला त्याचंच नाव आहे. १९८३ पासून तिच्यातून गॅस येतो. ती सिसिलीत जिथे वर येते ते गाव म्हणजे मात्झारा देल वाल्लो. मासेमारीचं गाव. साठच्या दशकाच्या शेवटापासून तिथल्या बोटींवर ट्युनिशियाचे खलाशी काम करतात, आणि गावाच्या जुन्या भागात त्यांची कुटुंबं राहतात. गॅस आणि माणसं एकाच वाटेने, एकाच किनाऱ्यावर.

२०२१ पर्यंत इटलीच्या आयात गॅसपैकी साधारण ४० टक्के रशियाचा होता. युक्रेनवर हल्ला झाला आणि एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी लोकांना सरळ विचारलं: तुम्हाला शांतता हवी की चालू एसी? त्याच महिन्यात ते अल्जीरियाला गेले, आणि रशियाची जागा अल्जीरियाने घेतली. आता जॉर्जिया मेलोनी यांच्या सरकारची आफ्रिका-योजना आहे, तिलाही मात्तेईचंच नाव. तिच्यात ऊर्जाही आहे आणि स्थलांतर रोखण्याचा हेतूही. म्हणजे १९४६ सारखाच हा सौदा आहे. इटली फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली आहे.

आता गाण्यांकडे येतो. सानरेमोचा गीत महोत्सव १९५१ पासून चालू आहे. फेब्रुवारीतल्या त्या पाच रात्री सगळा देश टीव्हीसमोर असतो. सकाळी बारमध्ये गाण्यांचा निकाल लावला जातो, कपड्यांचाही. २०१९ साली जिंकला महमूद. मिलानमध्ये जन्मलेला, आई सार्डिनियाची, वडील इजिप्तचे. त्याचं गाणं बापाबद्दल होतं, पैशाबद्दल होतं, आणि त्यात एक ओळ अरबी होती. फोनवरून मत देणाऱ्या प्रेक्षकांचा कौल दुसऱ्या गायकाला होता. परीक्षकांच्या मतांनी महमूद वर आला. झालं! तेव्हाचे गृहमंत्री मात्तेओ साल्विनी यांनी लगेच लिहिलं, की मी असतो तर दुसऱ्याला निवडलं असतं. गाण्याच्या चालीवरचा वाद एका रात्रीत ‘खरा इटालियन कोण’ या वादात गेला. महमूदने सांगितलं, मी शंभर टक्के इटालियन आहे. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: काही महिन्यांत तेच गाणं सगळीकडे वाजत होतं, युरोव्हिजन या युरोपभरच्या गीतस्पर्धेत दुसरं आलं, आणि जे नाकं मुरडत होते त्यांच्या घरातली मुलंही ते म्हणत होती. गाणं आवडायला ओळखपत्र लागत नाही, आणि आवडून गेल्यावर मत मागे घेणं अवघड असतं.

सिनेमाच्या बाबतीत इटलीचं ऋण आपल्यावरही आहे. १९५२ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. त्यात इटालियन नववास्तववादी, म्हणजे साध्या माणसांचं खरं जगणं दाखवणारे, चित्रपट दाखवले गेले, आणि बिमल रॉय यांनी पुढच्याच वर्षी शेतकऱ्याला रिक्षा ओढायला लावणारा चित्रपट काढला. पण आज मला सांगायचं आहे ते १९७४ च्या ‘पाने ए चोक्कोलाता’बद्दल. स्वित्झर्लंडमध्ये वेटरचं काम करणारा एक इटालियन. परवाना जातो, तरी तो तिथेच राहायची धडपड करतो. शेवटी केस सोनेरी रंगवून स्विस व्हायचा प्रयत्न करतो. मग टीव्हीवर इटलीचा फुटबॉलचा सामना लागतो, गोल होतो, आणि त्याच्या तोंडून ओरडणं निघून जातं. विनोदी चित्रपट आहे, पण तो प्रसंग बघताना घशात आवंढा येतो. त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये हंगामी मजुरांना कुटुंब आणायची परवानगी नव्हती. इटालियन आईबाप मुलांना घरात लपवून ठेवत, आवाज करू नका म्हणून बजावत. हे १९७० च्या आसपासचं आहे. त्यातली बरीच मुलं आज हयात आहेत.

त्याच्या शेजारी २०२३ चा मात्तेओ गार्रोने यांचा ‘इओ कापितानो’ ठेवा. सेनेगलची दोन मुलं सहारा आणि लिबिया पार करून इटलीकडे निघतात, आणि आयुष्यात कधी बोट न चालवलेल्या मुलाच्या हाती तस्कर बोट देतात. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला कलाब्रियात कूत्रोच्या किनाऱ्याजवळ बोट फुटून किमान ९४ माणसं बुडाली होती. त्याआधी ३ ऑक्टोबर २०१३ ला लांपेदूसा बेटाजवळ ३६८.

मेलोनी यांचं सरकार एकीकडे अशा बोटींविरुद्ध कडक बोलतं, आणि २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी त्याने परदेशी कामगारांच्या ४,५२,००० जागा मंजूर केल्या. कारण शेतं आणि गोठे रिकामे आहेत. पो नदीच्या खोऱ्यात पार्मेज्यानो चीजसाठी लागणाऱ्या दुधाच्या गाई आज मोठ्या प्रमाणात आपले पंजाबी लोक सांभाळतात; नोवेल्लाराचा गुरुद्वारा २००० सालापासून उभा आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोमच्या दक्षिणेला लातीनाच्या शेतांत जून २०२४ मध्ये एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराजवळ टाकून देण्यात आलं आणि तो मेला. त्याच्याकडे कागदपत्रं नव्हती. मार्सिनेलला २६२ माणसं गेली म्हणून ८ ऑगस्ट हा इटलीत परदेशी राबणाऱ्या आपल्या माणसांचा स्मृतिदिन झाला. मग लातीनाच्या शेतातला माणूस कोणाचा?

इटलीत अशा प्रश्नांवर सार्वमत घेता येतं, पण निम्म्याहून जास्त मतदार आले तरच ते ग्राह्य धरतात. चेर्नोबिलनंतर १९८७ साली अणुऊर्जेवर मतदान झालं, लोक आले, आणि अणुभट्ट्या बंद पडल्या. फुकुशिमानंतर २०११ साली पुन्हा आले, सुमारे ९४ टक्क्यांनी पुन्हा नको म्हटलं. फ्रान्सच्या अणुभट्ट्यांची वीज विकत घेऊन आपण नको कसं म्हणतो, ही चर्चा अजूनही कॉफीबरोबर चालते. ८ आणि ९ जून २०२५ ला प्रश्न माणसांचा होता: नागरिकत्वाच्या अर्जासाठी १० वर्षांऐवजी ५ वर्षांचं वास्तव्य पुरे मानायचं का? जेमतेम ३० टक्के मतदार आले. आलेल्यांपैकी साधारण ६५ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं, पण मतदान बाद ठरलं. १९९२ च्या कायद्यातली १० वर्षांची अट तशीच आहे. परदेशी आईबापांचं, पण इटलीत जन्मलेलं, इटालियन शाळेत शिकलेलं, सानरेमोची गाणी पाठ असलेलं मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत स्वतः अर्जही करू शकत नाही.