रिकामी राहिलेली जागा

श्रोतेहो, नमस्कार.

प्रदर्शनात चित्रकाराला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे: 'हे तुम्हाला सुचलं कसं?' मी अनेक वर्षं चित्रं काढते आहे, आणि या प्रश्नाला मी बरेचदा अर्धवट उत्तर दिलं आहे. एखादं झाड, एखादी संध्याकाळ, असं काहीतरी सांगायचं. विचारणाऱ्याचं समाधान होतं. पण ते झाड चित्रात फार तर पहिले दोन दिवस होतं, हे मला माहीत असतं. पुढचं सगळं ओल्या-सुक्या थरांनी ठरवलं, भलत्याच जागी पडलेल्या एखाद्या फटकाऱ्यानं ठरवलं. ते सांगायचं कसं?

म्हणून मला चित्र होत असतानाच्या नोंदी फार मोलाच्या वाटतात. पिकासोचं 'गेर्निका' घ्या. १९३७ च्या जानेवारीत त्याला पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी भित्तिचित्राचं काम मिळालं. कित्येक आठवडे हाती काही ठोस लागलं नाही. चित्रकार आणि मॉडेल अशी स्टुडिओतली रेखाटनं तो करत राहिला. २६ एप्रिलला, स्पेनमधल्या यादवी युद्धात, तिथल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले आणि १ मे रोजी नवी रेखाटनं सुरू झाली. प्रेरणा मिळाली ती अशी, असं म्हणून आपण गोष्ट संपवू शकतो. पण खरी गोष्ट तिथून पुढे आहे. डोरा मार या छायाचित्रकार मैत्रिणीनं त्या कॅनव्हासचे टप्प्याटप्प्यानं फोटो काढले. सुरुवातीच्या फोटोंत वर उंचावलेली एक आवळलेली मूठ आहे. पुरा झालेल्या चित्रात ती नाही. एवढा संताप मनात असताना, संतापाची सगळ्यात उघड खूण त्यानं पुसून टाकली! मी ते फोटो पहिल्यांदा एकापुढे एक ठेवून पाहिले तेव्हा बराच वेळ त्यांच्यापासून हलले नव्हते.

पण माझ्या सगळ्यात जवळची गोष्ट आहे फ्रेंच चित्रकार सेझानची. १८९९ मध्ये तो आंब्रुआझ व्होलार या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र करत होता. व्होलारनं पुढे लिहून ठेवलंय की त्यासाठी त्याला ११५ वेळा बसावं लागलं. एकदा त्याला डुलकी लागली आणि तो खुर्चीसकट खाली आला, तर सेझान त्याच्यावरच रागावला. सफरचंदासारखं बसा, सफरचंद कधी हलतं का, असं त्याचं म्हणणं. एवढं करून हातावर दोन बारीक ठिपके कोरेच राहिले होते. व्होलारनं ते दाखवले. सेझाननं जे सांगितलं त्याचा आशय असा: नेमकी छटा सापडली तर मी ते भरीन, पण अंदाजानं तिथे काही लावलं, तर त्या जागेपासून सुरुवात करून मला सगळं चित्र पुन्हा रंगवावं लागेल.

दोन ठिपक्यांसाठी सगळं चित्र! ब्रश हातात धरणाऱ्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. कॅनव्हासवर एकटा रंग कधीच नसतो. करड्याशेजारी पिवळा ठेवला की करडा जांभळट दिसू लागतो, मग त्या जांभळटपणामुळे पलीकडचा हिरवा खटकतो. एका कोपऱ्यातलं बोलणं दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जातं. शेवटी काम थांबलं तेव्हा सेझान म्हणाला, शर्टाची पुढची बाजू काही वाईट जमलेली नाही.

आपल्याकडे अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत. रोलरनं रंगाचे थर द्यायचे, पॅलेट नाइफनं ते खरवडायचे; आणि त्याआधीचा, मधला किती काळ नुसता बघण्यात, थांबण्यात जायचा. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी तर वर्षानुवर्षं वह्या लिहिल्या, त्यांत रेखाटनं केली आणि चित्र घडण्याआधी मनात काय चालतं यावर मराठीत सविस्तर लिहिलं. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक १९९० चं आहे. चित्र काढू पाहणाऱ्या कुणीही ते जरूर वाचावं. थांबणं हेही कामच आहे, हे मला या दोघांमुळे उमगलं. त्याआधी रंग न लावता गेलेला दिवस मी वाया गेला असं धरत असे, आणि त्या घाईत मी काही चांगली चित्रं बिघडवली. त्याचं वाईट अजूनही वाटतं.

सध्या माझ्याकडे एक मोठा कॅनव्हास आहे. सात महिने तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. परवा फिरवला. डावीकडचा तळाचा कोपरा तसाच आहे, बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, पहिला पातळ हात दिलेला, बाकी काही नाही. त्या जागेसाठी मी आतापर्यंत तीनदा रंग कालवला आणि तिन्ही वेळा पॅलेटवरूनच पुसून टाकला. उद्या सकाळच्या उजेडात पुन्हा समोर बसणार आहे.

नमस्कार.