पाकीट वेगळं, पत्र वेगळं

(दृश्य : सांगलीचं मार्केट यार्ड, हळदीची पोती)

सौदा आटोपला. अडत दुकानातले दिवाणजी आता संगणकासमोर बसलेत. आजचे दर परगावच्या खरेदीदारांना कळवायचेत. पण एकाचं नाव दुसऱ्याला दिसता कामा नये. म्हणून सगळे पत्ते 'बीसीसी'त.

मेल सगळ्यांना पोचतो. उघडून बघा, त्यात त्यांचे पत्ते कुठेच नाहीत. मग सर्व्हरला कळलं कसं?

(दृश्य : काळा पडदा, दोन सर्व्हरचा संवाद)

पत्रासारखंच मेललाही पाकीट असतं, फक्त ते आपल्यापर्यंत येत नाही. सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपीच्या नियमांनी बोलतात. संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेला त्याचा गाभा अजून तोच आहे. आधी रामराम. मग 'मेल फ्रॉम', म्हणजे पोचला नाही तर परत कुणाला कळवायचं. मग 'आरसीपीटी टू', दर खरेदीदारामागे एकदा. पाकीट एवढंच. त्यानंतर 'डेटा' म्हटलं की मजकूर जातो, आणि हेडर, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या 'फ्रॉम', 'टू' अशा ओळी, त्याही त्या मजकुरातच. त्यातलं 'टू' बघून कुठलाही सर्व्हर रस्ता ठरवत नाही. रस्ता ठरतो पाकिटावरच्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या '@' नंतरच्या भागाच्या, एमएक्स नोंदीवरून. त्या डोमेनचे मेल कुठला सर्व्हर घेतो, ते त्या नोंदीत असतं.

वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली 'रिसीव्ह्ड' ओळ सगळ्यात वर चिकटवतो. म्हणून प्रवास वाचायचा खालून वर. मात्र खालच्या ओळी खोट्याही असू शकतात. भरवसा आपल्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळीवरच ठेवावा.

(दृश्य : 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल)

फसवणारा नेमका इथेच शिरतो. हेडरमध्ये ओळखीच्या व्यापाऱ्याचं नाव, पाकिटावर भलताच पत्ता! नियम मोडला म्हणावं, तर तसंही नाही. दोन्ही पत्ते एकच असावेत अशी अट मुळात घातलेलीच नव्हती.

ती उणीव पुढे तीन तपासण्यांनी भरून काढावी लागली. एसपीएफ पाकिटावरचं डोमेन तपासतं, डीकेआयएम मजकुरावरची डिजिटल सही. यातलं एक तरी खरं ठरून दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी जुळतं का, हे डीमार्क बघतं.

(दृश्य : परत आलेला मेल)

एखाद्या खरेदीदाराचा पत्ता बंद पडलेला असतो. तसं कळवणारा मेल दुकानात येतो, आणि त्याच्या पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम कोरी असते. तिथे पत्ता असता आणि दुकानाचाही पत्ता बंद निघाला असता, तर दोन सर्व्हर एकमेकांना 'पोचला नाही, पोचला नाही' असं कळवत बसले असते.