मुप्पै रेंडू

नमस्कार श्रोतेहो. आज लोकरीच्या पायमोज्यांविषयी बोलायचंय. हो, सोलापुरात! मे महिन्यात जिथं अंगणातल्या फरशीचा चटका बसतो म्हणून पोरं उड्या मारत चालतात, तिथं मोजे कसले विणतेस, असं सासूबाईंनीही मला विचारलं होतं. पण भेगाळलेल्या टाचा जानेवारीत कशा ठणकतात, ते मी तुम्हाला नको सांगायला. (त्या चाळीस अंशांच्या उन्हात शाळेच्या पोरांना नायलॉनचे पांढरे मोजे घालायला लावणारे मात्र मला कधीच कळले नाहीत. असो.)

सुलट टाका, उलट टाका तुम्हाला येतोच. स्वेटर घरोघरी विणलेत. मोजा वेगळा पडतो तो दोन गोष्टींनी. तो गोल विणायचा, पाच सुयांवर. चार सुयांवर टाके, पाचवी फिरती. आणि दुसरी गोष्ट टाच. बारीक लोकर असेल तर मोठ्या माणसाला साधारण ६४ टाके, एकेका सुईवर १६. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट, म्हणजे मोजा पाय धरून बसतो. मग घोट्यापर्यंत सरळ विणत यायचं. मग टाच, आणि टाच अर्ध्याच टाक्यांवर. पुन्हा सांगते, अर्ध्याच. ३२ टाके विणायचे, उरलेले ३२ नुसते थांबून राहतात. ३२ टाक्यांच्या ३२ ओळी, आणि प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायचा. म्हणजे दोन्ही कडांना सोळा-सोळा साखळ्या तयार मिळतात. नंतर टाच वळवायची. तिथं माझी गोष्ट आहे, ती सांगते.

लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. आम्ही साखर पेठेत राहायचो. सकाळपासून यंत्रमागांची खटखट, इतकी की बंद पडली तर जाग यायची. शेजारी एक पद्मशाली मामा होते. सगळा जन्म चादरींच्या मागावर गेलेला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि दोन्हींत बोलणं सारखंच कमी.

मी एका मासिकातला नमुना पुढ्यात ठेवून विणत होते. सुया कुठल्या? सायकलच्या दुकानातून पाच तारा आणल्या आणि टोकं फरशीवर घासली. टाचेशी येऊन तीन दिवस अडले. दर वेळी एका बाजूला पिशवीसारखा फुगा यायचा. मामा ओट्यावर बसून नुसते बघायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "दे इकडं."

मला वाटलं, बघतील आणि परत देतील. त्यांनी पाचही सुया सुळकन काढल्या आणि धागा ओढला. सर्रर्र! टाच गेली, टाचेच्या वरचं चार बोटं विणकाम गेलं.

"अहो मामा, काय केलंत!"

त्यांचं माझ्याकडं लक्षच नाही. "एकच धागा?"

"एकच."

"उभा वेगळा, आडवा वेगळा नाही?"

"नाही हो, तोच तो."

उसवलेला धागा बोटांत धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चादर फाटली तर तिथंच फाटते. हे सगळंच जातंय."

मला रडू यायचं बाकी होतं. मामांनी तोवर धागा गुंडाळलासुद्धा, कांडी भरावी तसा, एक वेढा दुसऱ्यावर न चढवता. सुटे टाके मी पुन्हा सुयांवर घेतले. मग ते म्हणाले, "तू मोजत नाहीस. गप्पा मारत विणतेस." खरं होतं ते. आणि स्वतःच मोजायला बसले. माझी एक ओळ झाली की "ओकटी". दुसरी झाली, "रेंडू". मूडू, नालुगू... मध्ये मामींनी चहा आणला, तर कप हातात धरून मोजणं चालू. शेवटी "मुप्पै रेंडू!" म्हणजे बत्तीस, आणि मांडीवर थाप.

आता वळण. मध्याच्या थोडं पुढं जायचं, दोन टाक्यांचा एक करायचा, आणखी एक विणायचा आणि ओळ अर्धी सोडून उलटं फिरायचं. जिथून फिरलो तिथं फट दिसते. मासिकात नुसते आकडे होते, फटीचा शब्द नव्हता. मामांनी चष्मा वर केला आणि करंगळीच्या नखानं दाखवलं, "इथं भोक आहे. अलीकडचा एक, पलीकडचा एक, जोड." बस! दर ओळीला फटीपर्यंत यायचं, फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके जोडायचे. ३२ चे १८ उरले आणि मोज्याला गुडघ्यासारखा बाक आला. मामा स्वतःशीच काहीतरी तेलुगूत बोलले. काय, ते मी विचारलं नाही.

वेळ होत आला, तरी बाकीच्या कामांचं थोडं सांगते. क्रोशात एका वेळी एकच टाका सुटा असतो, म्हणून गळण्याची भीती कमी, पण वीण जाड येते आणि चपलेत टोचते. कसुतीच्या भरतकामाला गाठ चालत नाही, मागची बाजूही पुढच्यासारखी हवी, आणि तेवढी नजर आता माझी राहिलेली नाही. गोधडीला जागा लागते. मोजा पर्समध्ये मावतो. मोज्याची बोटांकडची शेवटची शिवण किचनर या नावानं ओळखतात. हा किचनर म्हणजे इंग्रजांचा सेनापती, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानात सरसेनापती होता. पहिल्या महायुद्धात हजारो बायकांनी सैनिकांसाठी मोजे विणले आणि शिवणीला नाव सेनापतीचं! असो.

दुसरा मोजा व्हायला जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उजाडली. मामा मोजे घालून होम मैदानावर दारूकाम बघायला आले, आणि पायात चप्पल. "पोरी, अंगठा कुठं घालू?" लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तचे लाल लोकरीचे मोजे आहेत, दीड हजार वर्षांहून जुने. त्यांना अंगठा वेगळा आहे, चपलेसाठीच. हे मला फार उशिरा समजलं. मामांना तेव्हा मी एवढंच म्हटलं की बूट घ्या.

आजही टाच आली की मी तेलुगूतच मोजते. बत्तीसच्या पुढचं तेलुगू मला येत नाही.