पंचावन्नावी खेळी

[पटाचं वरून दृश्य. काळा राजा एफ-६ वरून ई-५ वर ठेवला जातो.]

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यातला चौदावा आणि शेवटचा डाव. तेरा डावांनंतर दोघांचे गुण सारखे, साडेसहा-साडेसहा. पांढरी मोहरी जगज्जेत्या डिंग लिरेनची, काळी चेन्नईच्या अठरा वर्षांच्या गुकेशची.

चोपन्न खेळ्या झाल्यात. (पटावरच्या घराच्या नावात अक्षर उभी रांग सांगतं आणि आकडा आडवी.) पांढऱ्याचा राजा जी-१ वर, हत्ती एफ-४ वर, उंट पार कोपऱ्यात ए-८ वर आणि जी-३ वर एकुलतं एक प्यादं. काळ्याचा राजा ई-५ वर, हत्ती बी-२ वर, उंट ई-६ वर आणि एफ-५, जी-४ वर दोन प्यादी. म्हणजे गुकेशचं एक प्यादं जास्त आहे. पण सगळी प्यादी पटाच्या एकाच बाजूला गोळा झाली आहेत, आणि अशा वेळी एक प्यादं जास्त असून सहसा भागत नाही. जगभर डाव बघणाऱ्या लोकांच्या पडद्यावर संगणकाचा आकडा शून्य दाखवतोय. बरोबरी.

आता खेळी डिंगची आहे. तो हत्ती उचलतो आणि एफ-२ वर ठेवतो.

हा निर्णय डोक्यात कसा तयार झाला असेल, हे आज आपण बघणार आहोत. बुद्धिबळाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा खेळ्यांबद्दल बोलतो. त्या खेळीपर्यंत माणूस कसा पोचला, ती वाट पटावर दिसत नाही.

[जुनी छायाचित्रं: १९३८, नेदरलँड्स]

ही वाट शोधायचा एक फार महत्त्वाचा प्रयत्न आद्रियान द ख्रूट या डच मानसशास्त्रज्ञानं केला. १९३८ साली नेदरलँड्समध्ये आव्रो स्पर्धा भरली होती आणि त्या काळचे सर्वांत बलाढ्य खेळाडू तिथे आले होते. द ख्रूट स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. त्यांनी अलेखिन, केरेस, अयवे अशा दिग्गजांसमोर एकेक अनोळखी स्थिती मांडली आणि सांगितलं, खेळी शोधा, पण मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत शोधा. ते बोलणं त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतलं. साध्या क्लबातल्या खेळाडूंनाही त्यांनी हेच करायला सांगितलं, आणि दोन्ही बोलणी शेजारी शेजारी ठेवली.

लोकांना वाटत होतं की जगज्जेता पंधरा-वीस खेळ्या पुढचं बघत असणार आणि क्लबातला खेळाडू चार-पाच. तसं काही निघालं नाही. किती शक्यता तपासल्या, किती खोल गेले, यात ग्रँडमास्टर आणि क्लबचा खेळाडू यांच्यात फार मोठा फरक नव्हता. फरक होता तो पहिल्या काही सेकंदांत. ग्रँडमास्टरची नजर ज्या दोन-तीन खेळ्यांवर जायची, त्याच मुळात चांगल्या असायच्या.

त्यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. मोठे खेळाडू एकच खेळी परत परत तपासत होते. एकदा बघून सोडायची, दुसरी बघायची, मग पुन्हा पहिलीकडे यायचं आणि या खेपेला जरा जास्त खोल जायचं. सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोतोव्ह यांनी पुढे याच्या अगदी उलट शिकवण दिली. मोजणीचं, म्हणजे पुढच्या शक्य खेळ्यांचं, झाड डोक्यात उभं करा, प्रत्येक फांदीवर एकदाच जा, परत फिरू नका. शिस्त म्हणून ते सुंदर आहे. पण माणसाचं डोकं तसं चालत नाही, आणि मला वाटतं चालूही नये. दुसऱ्या फेरीत दिसणारी स्थिती पहिल्या फेरीत दिसली तशी नसते, कारण मधल्या वेळात आपल्याला काहीतरी नवं कळलेलं असतं.

कोतोव्ह यांनीच आणखी एक प्रसंग वर्णन केला आहे, तो मात्र स्पर्धा खेळणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा वाटेल. खेळाडू दोन खेळ्यांचा अर्धा तास विचार करतो. एकीचं समाधान होत नाही, दुसरीचंही नाही. घड्याळाकडे लक्ष जातं, पोटात गोळा येतो, आणि तो घाईनं तिसरीच खेळी खेळून मोकळा होतो, जिचा त्यानं एक मिनिटही विचार केलेला नसतो.

[पुन्हा पट. डी-५ हे घर उजळतं.]

आता परत सिंगापूरला येऊ. घरी पट असेल तर ही स्थिती मांडाच.

पांढरा उंट ए-८ वर कोपऱ्यात आहे, त्यामुळे त्याला फिरायला एकच तिरकी रांग आहे. दोन खेळ्यांआधी काळ्या हत्तीनं त्याच्यावर नजर रोखली, म्हणून तो बी-७ वरून तिथे सरकला होता. पटावर हत्ती आहेत तोवर या कोपऱ्याचा काही त्रास नाही. एफ-४ वरच्या पांढऱ्या हत्तीलाही धोका नाही. काळा राजा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिलाय खरा, पण हत्तीला जी-३ च्या प्याद्याचा आधार आहे, राजा त्याला मारू शकत नाही. हत्ती चौथ्या रांगेतच ए-४ वर नेला असता तरी बरोबरी टिकत होती.

डिंगनं हत्ती एफ-२ वर आणला, म्हणजे हत्तीला हत्ती द्यायची तयारी दाखवली. काळ्यानं हत्ती मारला, पांढऱ्या राजानं उलट मारला. आणि मग गुकेशचा उंट ई-६ वरून डी-५ वर आला, पांढऱ्या उंटाच्या थेट समोर. आता पांढऱ्या उंटाला जायला बी-७ आणि सी-६ ही दोनच घरं उरली आणि दोन्ही काळ्या उंटाच्या माऱ्यात. जागेवर थांबला तरी मेला. म्हणून त्यानं डी-५ वरचा काळा उंट मारला, तर काळा राजा शेजारच्या ई-५ वरून त्याला उलट मारतो. हत्ती गेले, उंटही गेले. उरले दोन राजे आणि दोनास एक प्यादी, आणि प्याद्यांचा हा शेवट पांढऱ्यासाठी हरलेला आहे.

आता एक बदल करून बघा. काळा राजा ई-५ ऐवजी एक खेळी आधी होता तिथे, एफ-६ वर ठेवा, आणि हेच सगळं पुन्हा खेळा. हत्तीला हत्ती, मग उंट डी-५ वर. पांढरा उंट त्याला सरळ मारून मोकळा! डी-५ घराला आता कुणाचाच आधार नाही. म्हणजे जी अदलाबदल एका खेळीपूर्वी चालली असती, ती आता डाव घालवणारी ठरली. बदल एवढाच झाला होता की काळा राजा एक घर सरकला होता. बघणाऱ्याला वाटलं तो हत्तीला हटकायला आलाय. खरं तर त्याच्या येण्यानं डी-५ राखलं गेलं होतं.

प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या खेळीनं काय बदललं, हा प्रश्न बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षीच शिकवतात. जगज्जेत्याकडून तो विचारायचा का राहून जावा?

मला त्याचं उत्तर याच डावात आधी दिसतं. एकोणतिसाव्या खेळीला डिंगनं आपणहून एक प्यादं देऊ केलं. लगेच वजीर पटावरून गेले, पाठोपाठ हत्तींची एक जोडी गेली. पांढरी मोहरी हातात असून तो जिंकायला बघत नव्हता, मोहरी कमी करत करत बरोबरीकडे चालला होता. त्यामागे कारणही होतं. डाव बरोबरीत सुटला असता तर दुसऱ्या दिवशी विजेता ठरवायला जलद डावांचा टायब्रेक होता, आणि २०२३ साली अस्तानात रशियाच्या नेपोम्नियाचीला हरवून डिंग जगज्जेता झाला तो अशाच टायब्रेकमध्ये. त्या संध्याकाळी प्रत्येक अदलाबदल त्याला सुटकेच्या जवळ नेत होती आणि तेव्हापर्यंतची प्रत्येक अदलाबदल बरोबर ठरली होती. पंचावन्नाव्या खेळीलाही तोच विचार पुढे सरकला असावा. मोजणी थांबली होती आणि तिच्या जागी नियम आला होता: मोहरी कमी झाली की बरोबरी सोपी. शिवाय घड्याळात त्याच्याकडे गुकेशपेक्षा बराच कमी वेळ उरला होता.

[सामन्याचं चित्रण. गुकेशचा चेहरा.]

समोरच्या डोक्यात काय चाललं होतं हेही आपल्याला माहीत आहे, कारण गुकेशनं ते नंतर पत्रकारांना सांगितलं. हत्ती एफ-२ वर आला तेव्हा त्यालाही पहिल्यांदा काही दिसलं नव्हतं. आपला हत्ती बी-३ वर न्यायच्या तो बेतात होता. म्हणजे त्यानं सापळा लावला नव्हता. राजा चांगल्या घरावर आणला होता, इतकंच. हात पुढे जायच्या आधी त्यानं पुन्हा एकदा पट बघितला, आणि त्याला कोपऱ्यात अडकणारा उंट दिसला.

तो क्षण चित्रणात आहे. त्याचे डोळे मोठे होतात. तो पाणी पितो, स्वतःला सावरतो आणि सगळी मोजणी शेवटपर्यंत करतो. डिंगनं नंतर सांगितलं की आपली घोडचूक झाल्याचं त्याला कळलं ते गुकेशच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून. पट जे सांगत होता ते त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचावं लागलं.

अठ्ठावन्नाव्या खेळीला काळा राजा पुन्हा ई-५ वर आला, पांढऱ्या राजाच्या समोर, आणि डिंगनं डाव सोडला. साडेसात विरुद्ध साडेसहा. अठराव्या वर्षी जगज्जेता. कास्पारोव्ह १९८५ साली पहिल्यांदा झाला तेव्हा बावीस वर्षांचा होता.

खेळायच्या आधी ही एक शेवटची नजर कशी टाकायची, यावर खेळाडूंनी खूप विचार केला आहे. रशियन मास्टर बेन्यामिन ब्लूमेनफेल्ड यांचा एक सल्ला फार प्रसिद्ध झाला: खेळी ठरली की आधी कागदावर लिहा, मग मान वर करून पटाकडे अगदी नवशिक्याच्या डोळ्यांनी बघा. पुढच्याच खेळीत मात तर होत नाही ना? एखादं मोहरं फुकट तर जात नाही ना? पिढ्यान् पिढ्या खेळाडू असं करत आले. आज जागतिक महासंघाच्या नियमांप्रमाणे ते करता येत नाही. बरोबरीचा दावा करायचा असेल तर गोष्ट वेगळी, नाही तर आधी खेळी करायची आणि मग लिहायची, कारण आधी लिहिलेली खेळी म्हणजे स्वतःसाठी केलेलं टिपण ठरतं. नियम समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे एक चांगला थांबा गेला हेही खरं. आता तो थांबा ज्याचा त्यानं मनातच घ्यायचा. आणि मोहऱ्याला हात लागला की ते खेळावंच लागतं, त्यामुळे तो हात पुढे जायच्या आधीच घ्यायला हवा.

या डावानंतर बऱ्याच जणांनी म्हटलं की गुकेशला नशिबानं साथ दिली, डिंगनं मुकुट हातात आणून दिला. मला हे अजिबात पटत नाही. संगणकाचा शून्य म्हणजे बिनचूक खेळलं तर बरोबरी. पण बिनचूक खेळायचं होतं माणसाला, तेही चौदाव्या डावात, मागच्या दोन आठवड्यांचा शीण अंगावर घेऊन. अकराव्या डावात याच डिंगनं वजीर सी-८ वर नेला होता आणि पुढच्याच खेळीनंतर डाव सोडला होता. थकलेलं डोकं कधी चुकतं हे कुणी सांगू शकत नाही. त्याला चुकायची संधी देत राहणं एवढं मात्र समोरच्याच्या हातात असतं.

ती चिकाटी गुकेशमध्ये कुठून आली, याचा एक धागा त्याच्या लहानपणात सापडतो. प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीची बरीच वर्षं त्याला संगणकाचं इंजिन वापरू दिलं नव्हतं. स्थिती बरोबरीची आहे की नाही, याचं उत्तर द्यायला पडद्यावर आकडा नव्हता. ते त्याला स्वतःच शोधावं लागायचं, दर खेळीला नव्यानं. म्हणून अनेकांना संपलेला वाटणारा डाव त्याला संपलेला वाटत नाही.

असंच काहीसं सिंगापूरच्या आठ महिने आधी टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, दिसलं होतं. गुकेश सातव्या फेरीत वेळेच्या ओढाताणीत फ्रान्सच्या अलीरेझा फिरोजाकडून हरला. पुढे त्यानंच सांगितलं की त्या पराभवानंतर आपण ही स्पर्धा जिंकू शकतो असं त्याला पहिल्यांदा मनापासून वाटलं. चौदा फेऱ्यांत नऊ गुण मिळवून तो ती जिंकला, आणि त्यामुळेच सिंगापूरला डिंगसमोर बसला.

सिंगापूरच्या त्या शेवटच्या डावात चाळिसाव्या खेळीनंतर गुकेश हात पुढे करून बरोबरीला तयार झाला असता तर कुणीही त्याला बोल लावला नसता. डिंग चुकेपर्यंत तो आणखी पंधरा खेळ्या खेळत राहिला.