चौदावा वाटा

(दृश्य: पहाटेचा झवेरी बाजार. दुकानांची शटर खाली. रस्त्यावर उकिडवी बसून कुंच्याने धूळ गोळा करणारी माणसं.)

मुंबादेवीच्या देवळाजवळचा हा झवेरी बाजार. अजून उजाडायचं आहे. ही माणसं झाडतायत तो नुसता कचरा नाही. कारागिरांच्या कपड्यांना, केसांना, पायांना चिकटून सोन्याची कणी बाहेर येते आणि रस्त्यावर पडते. ती धूळ घमेल्यात भरायची, पाण्यात धुवायची आणि तळाशी उरेल तो कण वेगळा काढायचा. हे काम करणाऱ्याला मराठीत जुना शब्द आहे, झारेकरी.

माझी आजी सोन्याची निराळी गोष्ट सांगायची. जो जन्मभर धन साठवतो, स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला देत नाही, तो मेल्यावर नाग होतो आणि त्याच धनावर वेटोळं घालून बसतो. मी विचारायचो, नागाला सोन्याचा काय उपयोग? आजी म्हणायची, म्हणून तर तो नाग.

बऱ्याच वर्षांनी मी एक इंग्रजी कादंबरी वाचली आणि तिच्यात मला आजीचा नाग भेटला. पंख असलेला, आग ओकणारा, डोंगराच्या पोटात सोन्यावर झोपलेला. नाव स्मॉग. पुस्तकाचं नाव ‘द हॉबिट’. लेखक जे. आर. आर. टोल्किन, ऑक्सफर्डचे प्राध्यापक, भाषेचे अभ्यासक. २१ सप्टेंबर १९३७ रोजी हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी प्रकाशकाने हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं. त्याने अभिप्राय लिहून दिला, एक शिलिंग मिळवला आणि पुस्तक छापलं गेलं.

(दृश्य: गिरगावातली चाळ. गॅलरीत मामा आणि भाचा. मांडीवर पुस्तक.)

गेले दोन महिने मी हे पुस्तक माझ्या भाच्याला वाचून दाखवतोय. वाचत वाचतच मराठी करून सांगतो. हा लघुपट त्या वाचनातून सुरू झाला. म्हणजे खरं तर त्याच्या एका प्रश्नातून. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, “मामा, यातला हिरो कोण?”

प्रश्न सोपा नाही. तेरा बुटके आहेत. त्यांचं राज्य, त्यांचं सोनं त्या ड्रॅगनने बळकावलंय. त्यांचा पुढारी थोरिन, राजवंशातला. सोबत गॅन्डाल्फ नावाचा जादूगार. आणि तेरा हा आकडा अशुभ, म्हणून चौदावा गडी घेतला जातो, हॉबिट नावाच्या लहानखुऱ्या जमातीतला बिल्बो बॅगिन्स. उंचीने बुटक्यांहूनही लहान. ऊबदार घर, भरलेलं कोठीघर, दिवसातून जमेल तितक्या वेळा जेवण, हे त्याचं आयुष्य. त्याला नेमलंय घरफोड्या म्हणून, आणि त्याने आयुष्यात कधी चमचासुद्धा चोरलेला नाही. आपल्याकडे गुप्तधन शोधायला पायाळू माणूस लागतो म्हणतात, तशीच ही नेमणूक वाटते.

करार मात्र चोख आहे. फायदा झालाच तर त्यातला चौदावा वाटा. मेलास तर अंत्यविधीचा खर्च आमचा. भाचा हसला. मुंबईत वाढलेल्या पोराला भागीदारीची भाषा लगेच कळते. हा चौदावा वाटा लक्षात ठेवा.

आता बोगदा.

(दृश्य: काळोख. दूरवर तांबूस उजेड. फक्त श्वासाचा आवाज.)

डोंगराच्या कुशीत एक गुप्त दार आहे. आत बोगदा आणि बोगद्याच्या टोकाला स्मॉग. बुटके दाराशी थांबतात. त्यांच्यातला बालिन थोडा आत येतो आणि तोही थांबतो. पुढे बिल्बो एकटा. तळाशी तांबडा उजेड दिसायला लागतो, हवा तापते आणि घोरण्याचा आवाज ऐकू येतो, एखाद्या प्रचंड मांजराच्या गुरगुरण्यासारखा. तिथे तो थबकतो.

टोल्किन इथे स्वतः पुढे येऊन सांगतात की तिथून पाऊल उचललं हे बिल्बोचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस. त्यानंतर जे काही घडलं ते याच्यापुढे काहीच नाही. खरी लढाई तो त्या बोगद्यात एकटाच लढला, संकट डोळ्यांना दिसण्याआधी.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. मी लहानपणापासून शूर माणूस गर्दीसमोरच पाहत आलो होतो. बुरुजावर, रणात, निदान सिनेमाच्या पडद्यावर. इथे कुणी बघत नाही. परत फिरला असता तरी कुणाला कळलं नसतं. ‘वाट बंद होती’ म्हणून सांगता आलं असतं. टोल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली सॉमच्या लढाईत होते, संदेशवहनाचं काम बघणारे अधिकारी म्हणून. मला वाटतं, हल्ल्याची शिट्टी वाजण्याआधीचा तो क्षण खंदकात बसलेल्या माणसानेच असा लिहावा.

बिल्बो खाली जातो आणि एक पेला उचलून आणतो. दोन कानांचा, एकच पेला. डोंगराएवढ्या सोन्यातला एक. स्मॉग जागा होतो आणि पिसाळतो. त्याचा संताप कसला, तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असलेल्या श्रीमंताची, त्याने कधी न वापरलेली वस्तू अचानक नाहीशी झाली की होतो तसला. पेला त्याला प्यायला नको होता. आजीचा नागही असाच आहे. हावरटाला वस्तू लागत नाही, तिची मोजदाद लागते.

पेल्याची ही चोरी टोल्किन यांनी बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यातून घेतली आहे. तिथेही पेला चोरीला जातो आणि ड्रॅगन गावावर धावून येतो. १९३६ साली टोल्किन यांनी या काव्यावर व्याख्यान दिलं आणि विद्वानांना सुनावलं, की यातले राक्षस बाजूला काढू नका, काव्याचा गाभा तिथेच आहे. पुढच्याच वर्षी त्यांचा स्वतःचा ड्रॅगन छापून आला.

पेल्याचा सूड स्मॉग सरोवरातल्या गावावर घेतो. लाकडी गाव, पाण्यावर उभं. वरून आग.

(दृश्य: मुंबई बंदर. कृष्णधवल छायाचित्रं. धुराचे लोट.)

हे प्रकरण वाचताना मला आपल्या शहरातला एक दिवस सांगितल्याशिवाय राहवेना. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाची बोट उभी होती. पोटात कापसाच्या गासड्या, सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली. अग्निशमन दलाचे जवान पोचले आणि पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, मग दुसरा. जळता कापूस आणि लोखंड शहरावर कोसळलं. शेकडो माणसं गेली. ६६ जवान त्या एका दिवसात गेले. देशभर दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्यासाठी.

भाच्याला मी भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात नेलं. स्मारकापुढे उभा राहून तो म्हणाला, “त्यांना माहीत होतं का, आत काय आहे ते?” मी म्हटलं, बोट पेटलीय आणि बाजूला शहर आहे, एवढं नक्की माहीत होतं.

आणखी एक गोष्ट. स्फोटाने सोन्याच्या विटाही उडाल्या. त्यातली एक लांबवर एका पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली. सोनं आकाशातून घरात येऊन पडलेलं, मागायला कुणी दारात उभं नाही. त्यांनी ती वीट परत केली.

पुन्हा गोष्टीकडे.

जळत्या गावात नगरप्रमुख आपली होडी गाठून पळायच्या बेतात असतो. बार्ड नावाचा धनुर्धर थांबतो. स्मॉगच्या छातीवर डाव्या बाजूला एक उघडी जागा आहे. ती बिल्बोने पाहिलेली असते आणि एका पाखराने ऐकलेली असते. तेच पाखरू बार्डला सांगतं. शेवटचा काळा बाण, आणि नाग मरतो.

साध्या साहसकथेत पुस्तक इथे संपलं असतं. टोल्किन इथून खरी गोष्ट सुरू करतात, कारण सोनं अजून तिथेच आहे.

थोरिनकडे येऊ. मी त्याला खलनायक म्हणू शकत नाही. त्याचं घर डोळ्यांदेखत गेलं. राजवंशातल्या या माणसाने आणि त्याच्या लोकांनी पोटासाठी लोहारकाम केलं, कोळशाच्या खाणीत राबले. कैदेत पडला तरी तोंड उघडलं नाही. शूर आहे, शब्दाचा पक्का आहे. आणि सोन्यापाशी पोचल्यावर तोच माणूस दिवस दिवस खजिन्यात फिरत राहतो. त्याला एक रत्न हवं असतं, आर्कनस्टोन, डोंगराचं काळीज.

दाराशी बार्ड येतो. त्याचं म्हणणं रास्त आहे. ड्रॅगन मी मारला. या ढिगात आमच्या पूर्वजांचंही लुटलेलं धन आहे. गाव जळलंय, थंडी आलीय, आणि तुम्ही उपाशी आलात तेव्हा याच गावाने तुम्हाला जेवू घातलं होतं. थोरिनकडे याला उत्तर नाही. तो दारात आधीच बांधलेल्या भिंतीआडून म्हणतो, सोबत फौज आणलीत, धमकावून मागताय, एक कवडी देणार नाही.

भाचा चिडला. “मामा, तो असा का करतो? तो तर चांगला होता!” त्या रात्री आमचं वाचन पुढे गेलंच नाही. आम्ही तेवढंच बोलत बसलो. ज्याचं घर गेलंय, तो दुसऱ्या बेघराला दारातून हाकलतो. मी मुंबईत हे पाहिलंय, म्हणून मला ते कळतं. कळतं, पण पटत नाही.

रत्न मात्र सापडलंय, बिल्बोला. ते पाहून त्याचाही हात आपसूक पुढे गेला होता. खिशात टाकून त्याने कुणाला सांगितलंही नाही. म्हणजे त्यालाही तोच रोग शिवून गेला होता. टोल्किन हे लपवत नाहीत, आणि म्हणून पुढचं पटतं.

(दृश्य: रात्र. चाळीचा रिकामा जिना. एकच दिवा.)

एका रात्री तो पहाऱ्यावरच्या लठ्ठ बोंबूरला म्हणतो, तू झोप, तुझा पहारा मी करतो. बोंबूर सांगतो, मध्यरात्री उठव हं मला. बिल्बो दोर लावून भिंतीवरून उतरतो, थेट शत्रूच्या छावणीत जातो आणि रत्न बार्डच्या हातात ठेवतो. हे घ्या, वाटाघाटीला उपयोगी पडेल. पण हे रत्न तुझं कसं, असं विचारल्यावर म्हणतो, माझ्या चौदाव्या वाट्यातून वळतं करून घेतील.

सगळे थक्क. बार्डच्या बाजूने आलेला एल्फांचा, म्हणजे अरण्यात राहणाऱ्या अमर लोकांचा, राजा म्हणतो, आता परत जाऊ नकोस, इथेच राहा. तिथे थोरिन तुला सोडायचा नाही. बिल्बो म्हणतो, मित्रांना असं सोडून कसं चालेल? आणि बोंबूरला मध्यरात्री उठवायचं कबूल केलंय.

आणि तो परत जातो. दोर धरून वर चढतो. मध्यरात्री बोंबूरला उठवतो. बोंबूर त्याचे आभार मानतो.

माझ्या दृष्टीने या पुस्तकातलं सगळ्यात मोठं शौर्य हे आहे, बोगद्याहूनही मोठं. टोल्किन यांच्या मताच्या विरुद्ध जातोय हे मला माहीत आहे. बोगद्यात जाताना तो भ्यालेला होता, पण बरोबरच्यांच्या बाजूने होता. इथे त्याने मित्रांच्या मनाविरुद्ध त्यांचंच भलं केलं आणि त्याचा जाब द्यायला तो स्वतःच्या पायांनी परत आला. थोरिन त्याला गदागदा हलवतो, नाही नाही ते बोलतो, हाकलून देतो. बिल्बो निमूट निघून जातो.

आधीच्या एका प्रसंगाबद्दल एक माहिती इथेच सांगतो. अंधाऱ्या गुहेत गोलम नावाचा एक प्राणी वाट अडवून बसलेला असतो. बिल्बो सापडलेल्या जादूच्या अंगठीमुळे अदृश्य आणि हातात तलवार. मारणं सहज शक्य असताना त्याला गोलमची दया येते आणि तो त्याच्यावरून उडी मारून जातो. हा प्रसंग १९३७ च्या आवृत्तीत नव्हताच. तिथे गोलम मुकाट्याने वाट दाखवतो. टोल्किन यांनी ते प्रकरण बदललं आणि १९५१ च्या आवृत्तीत ही दया आली. हा बिल्बो पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली.

शेवटी गॉब्लिन नावाच्या दुष्ट जमातीची फौज चालून येते आणि भांडणारे सगळे तिच्याविरुद्ध एक होतात. या मोठ्या लढाईत ऐन निर्णायक क्षणी बिल्बोला डोक्यात दगड लागतो आणि तो बेशुद्ध पडतो. पराक्रम दुसऱ्यांचा. थोरिन भिंत फोडून बाहेर येतो आणि राजासारखा लढतो. फिली आणि किली त्याच्यावर ढाल धरून, अंगावर वार घेऊन मरतात. ते दोघं त्याचे सख्खे भाचे, बहिणीची मुलं. हे वाचताना माझा आवाज गेला. भाच्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पुढची दोन पानं अडखळत स्वतः वाचली.

मरताना थोरिन बिल्बोला बोलावून घेतो आणि आपले शब्द परत घेतो. रत्न त्याच्या छातीवर ठेवूनच त्याला पुरतात. चौदाव्या वाट्याचं सोनं बार्डला मिळतं, त्यातलं बरंच तो जळलेल्या गावासाठी देतो. नगरप्रमुख ते घेऊन पळतो आणि माळरानात सोन्यासकट उपाशी मरतो.

बिल्बो घेतो दोन लहान पेट्या, एक सोन्याची, एक चांदीची. वाटेत एल्फांच्या राजाला मोत्यांचा हार देतो. कशाबद्दल? तुमच्या महालात लपून राहिलो होतो तेव्हा तुमचा पाव खाल्ला होता, म्हणून.

घरी पोचतो तर दारात लिलाव चाललेला. तो मेला असं सगळ्यांनी धरलंय. स्वतःच्याच खुर्च्या त्याला पैसे मोजून परत घ्याव्या लागतात.

(दृश्य: चाळीतलं स्वयंपाकघर. गॅसवर आधण. भाचा आणि मामा कप मांडतायत.)

सगळ्या प्रवासात, थंडीत, काळोखात, त्याला एकच आठवण यायची. आपलं घर, चूल आणि नुकती गुणगुणायला लागलेली किटली. शेवटी तो तिच्याजवळ बसतो, आणि तिचा आवाज त्याला आधीपेक्षा गोड वाटतो.

(पाणी उकळल्याचा आवाज. निवेदन इथे थांबते.)