अकरा चांदोबा आणि एक चंदामामा

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या पुढ्यात, माइकच्या शेजारी, एक जाडजूड पुस्तक ठेवलंय. कापडी पाठ, पुठ्ठ्यावर अबरीचा कागद, कोपरे झिजलेले. चांदोबा या मुलांच्या मासिकाचे एका वर्षाचे बारा अंक एकत्र बांधलेले. आता रेडिओवर बसून चित्रांबद्दल बोलायचं म्हणजे मुक्यानं पोवाडा म्हणण्यातला प्रकार. पण तुमच्यातल्या निम्म्यांना ती चित्रं डोळे मिटले तरी दिसतात, त्या भरवशावर बोलतो.

विषय आहे चांदोबाची मुखपृष्ठं. आणि चांदोबा म्हटलं की विक्रम-वेताळ आलाच.

माहिती आधी उरकून घेऊ. चंदामामा सुरू झाला जुलै १९४७ मध्ये, मद्रासला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तो काढला, आधी तेलुगू आणि तमिळमध्ये. मराठीत १९५२ साली तो चांदोबा होऊन आला. हिंदीत नाव चंदामामाच. भाषा कितीही असोत, चित्रं एकदाच काढली जायची आणि वरची अक्षरं तेवढी बदलायची. चित्र तेच, अक्षरं वेगळी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुखपृष्ठं कितीतरी वर्षं वड्डादी पापय्या यांनी रंगवली. ‘वपा’ अशी त्यांची सही असायची, तेलुगू अक्षरांत. आम्हाला ती जिलबी वाटायची. चित्राच्या कोपऱ्यात जिलबी दिसली की अंक चांगला, असा आमचा हिशोब होता. त्यांच्या चित्रातली संध्याकाळ मी पुढे प्रत्यक्षात शोधली, आमच्या नागपूरच्या अंबाझरी तलावावर जाऊन. नाही सापडली. बाकी अंबाझरी चांगली आहे.

आणि आतला विक्रम-वेताळ शंकर यांचा. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. एका हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, मागे वेडंवाकडं झाड, पायाशी कवट्या. हे चित्र त्यांनी आपल्या डोक्यात कायमचं बसवलं. पन्नासहून अधिक वर्षं ते चंदामामासाठी काम करत होते. २०२० साली गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडे हार फोटोलाच शोभतो, काय करणार!

गंमत बघा, वेताळाच्या मूळ गोष्टी पंचवीस. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागरात त्या सांगितल्या, आणि तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन. चांदोबात मात्र पंचवीस कधीच संपल्या, शेकडो झाल्या, तरी राजा बिचारा पोचेचना. दर महिन्याला पुन्हा झाडाकडे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण आमचे बाबाही रोज सकाळी साडेनऊला तसंच तोंड करून कचेरीत जायचे.

तर आता ही गोष्ट. ही सांगायला मिळावी म्हणूनच मी आज इथे आलोय, हे आधीच कबूल करतो.

नागपूरच्या महाल भागात आमचा जुना वाडा होता. मी पाचवीत. बाबांचं एक तत्त्व होतं, वस्तू टिकली पाहिजे. छत्री असो, चप्पल असो की चांदोबा, सगळ्यांना एकच न्याय. वर्षाचे बारा अंक साठले तसे ते उचलून बाबांनी बडकस चौकाजवळच्या एका गल्लीतल्या बाइंडरकडे टाकले. नाव सांगत नाही. वकिलांच्या फायली आणि शाळांची हजेरीपुस्तकं बांधणारा माणूस, हाताला पक्का. दुकानात मैद्याच्या खळीचं पातेलं, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद, त्यामुळे त्या माणसाची बोटं कायम निळसर. मला तर तो वेताळाचाच नातेवाईक वाटायचा.

आठ दिवसांनी बांधलेलं पुस्तक घरी आलं. वजनदार, देखणं. मी मांडी घालून बसलो आणि उघडलं. थेट पहिली गोष्ट. पुढे गेलो. दुसरा अंक, थेट पहिली गोष्ट. पुढून मागे पाहिलं, मागून पुढे पाहिलं. बारा अंक होते आणि मुखपृष्ठ एकही नव्हतं. एकही नाही! मी असा भोकाड पसरला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. बाबा म्हणाले, “अरे, पानं तर आहेत ना सगळी?”

पुढची वीस वर्षं माझं आणि बाबांचं पटलं नाही ते या एका वाक्यामुळे, असं आई म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला घेऊन दुकानात गेले. बाइंडर शांत. “कव्हरं? ते तं आमी फाडूनच टाकतो. जाड कागद मधात आला की शिलाई बसत नाही.” मग माझ्याकडे वळून, “काहून रडून राहिला बे? चित्रं पाह्यजे होती तं आधी सांगाचं ना.”

मागे कतरणीचं पोतं होतं. ते त्यानं फरशीवर उपडं केलं आणि आम्ही तिघं, हो, बाबाही, ऑफिसच्या पॅन्टमध्ये, त्या ढिगात बसलो. सहा सापडली. मग त्याला आठवलं की काही कव्हरं त्यानं इतवारीच्या एका व्यापाऱ्याच्या चोपड्यांना आतून अस्तर म्हणून लावलीत. चोपड्या अजून गेल्या नव्हत्या. त्यानं चहाचा स्टोव्ह पेटवला, वाफ धरली, खळ मऊ झाली आणि चार चित्रं सोलून निघाली. झाली दहा. अकरावं बाकावर होतं, चहाच्या कपाखाली. कपाचं तपकिरी वर्तुळ त्यावर अजूनही आहे आणि नेमकं राजाच्या डोक्यामागे पडलंय, देवाच्या प्रभावळीसारखं. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यानं ते चित्राचाच भाग समजून त्याची तारीफ केली होती.

बारावं काही मिळेना. रद्दीत जाऊन त्याच्या पुड्या झाल्या असणार. तळ्याकाठी बसून कमळ तोडणारी बाई आणि मागे हत्ती, असं चित्र होतं. मला त्या हत्तीचं फार वाईट वाटलं.

इथे जरा थांबून एक बोलतो, विषय सोडून आहे. पुस्तक वाचताना मुखपृष्ठ मागे उलटं दुमडणारी माणसं मला पाहवत नाहीत. आणि सिनेमा निघाला की त्याच पुस्तकावर नटाचा फोटो छापून नवी आवृत्ती काढतात, ती मी घरात घेत नाही. राजा कसा दिसतो हे मी ठरवीन किंवा शंकर ठरवतील, तिसऱ्यानं मध्ये पडू नये. आणि मे महिन्यात कूलरसमोर पुस्तक धरून बसू नका, कव्हरचा पापड होतो. हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

तर बारावं मुखपृष्ठ. आमच्या वाड्यात मागच्या बाजूला एक हिंदी बोलणारं कुटुंब होतं, धान्याच्या व्यापारातलं. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. मी रडवेल्या तोंडानं त्याला हत्तीचं सांगितलं. तो म्हणाला, “वो हाथी तो अपने पास भी है.” पलंगाखालून त्यानं गठ्ठा ओढला. सगळे चंदामामा! एकेक अंक बाजूला करत गेलो आणि अचानक तीच बाई, तेच तळं, तोच हत्ती. सोंडेवरची नक्षीसुद्धा तीच. वर मात्र चांदोबा नाही, चंदामामा. चित्र तेच, अक्षरं वेगळी. मला तोवर वाटायचं की चांदोबा म्हणजे आपला, मराठी माणसाचा, फार तर महालातल्या माणसाचा. आणि हा हत्ती आपला एकाच वेळी भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे उभा!

चाचीनं स्वयंपाकघरातून सुरी आणली, अंकाच्या पिना हलकेच उचकटल्या, आणि मुखपृष्ठ ओरखडाही न उमटता सोडवून माझ्या हातात दिलं. म्हणाली, “देखके वापस ला देना.”

बाइंडरनं पुन्हा सगळी शिलाई उसवली. प्रत्येक मुखपृष्ठाच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीतून दोरा घेतला, म्हणजे जाड कागद आडवा येत नाही. म्हणजे करता येत होतं! पैसे घेतले नाहीत. बाबांना एवढंच म्हणाला, “साहेब, हे पोट्टं कामातून गेलं.”

म्हणून माझी सगळ्यात आवडती आवृत्ती ही, अकरा चांदोबा आणि एक चंदामामा, खाली सगळा मजकूर मराठी. छापील चांदोबा बंद होऊनही आता दशक उलटलं. संगणकावर जुने अंक बघायला मिळतात, मीही बघतो, पण पडद्यावर सगळ्या अंकांचा वास एकच येतो.

आणि हो, ते मुखपृष्ठ मी परत केलं नाही. चाची आता नाही. तिचा मुलगा वर्धमाननगरला राहतो, दर तान्ह्या पोळ्याला नातवंडांचे लाकडी नंदी घेऊन आमच्याकडे येतो आणि आल्या आल्या विचारतो, मेरा हाथी कहाँ है? त्याचा तो अंक अजून उघडाच आहे. गेल्या पोळ्याला मी शरमून त्या मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स काढली, चांगल्या जाड कागदावर, आणि त्याच्या हातात ठेवली. त्यानं खिशातून चष्मा काढला, उजेडाकडे नेऊन बराच वेळ पाहिलं, आणि माझ्या पुस्तकावर ती परत ठेवत म्हणाला, “तळं हिरवं होतं रे. हे निळं आलंय.”